आजीच्या हातावरचं पाणी आणि नदीत सोडायचा दिवा: उत्तर थायलंडमधल्या एका मंडळीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण चियांग माईच्या दक्षिणेला, पिंग नदीच्या काठावरच्या एका गावातलं आहे. बौद्ध घरातल्या नव्या ख्रिस्ती मुलीने घरच्या सणांत किती भाग घ्यायचा, हा त्यातला प्रश्न. नावं बदलली आहेत आणि ओळख पटेल असे तपशीलही इकडचे तिकडे केले आहेत. मी नोकरीनिमित्त चियांग माईत राहत होते आणि रविवारी तिथल्या ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, उपासनेला जायचे. त्यामुळे बैठकांना बसायला मिळालं. निर्णय घेणाऱ्यांत मी नव्हते.

थायलंडमध्ये दहातले नऊहून जास्त लोक बौद्ध आहेत, ख्रिस्ती शंभरात जेमतेम एक. उत्तरेकडच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांचं मूळ १८६७ पर्यंत जातं. त्या वर्षी अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनरी डॅनियल मॅकगिल्व्हरी चियांग माईत आले. दोनच वर्षांनी, १८६९ मध्ये, तिथल्या राजाने दोन नवख्रिस्ती माणसांना मारून टाकलं. १८७८ मध्ये धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला, त्याला निमित्त झालं एक लग्न. मंडळीतल्या जोडप्याचं लग्न घराण्याच्या प्रमुखाने अडवलं होतं, कारण कुळाच्या पितरांचा मान म्हणून द्यायची रक्कम ख्रिस्ती लोक द्यायला तयार नव्हते. तो तंटा घरातल्या मानावरून आणि पैशावरून पेटला होता. या प्रकरणातही तेच दोन धागे आहेत, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता दोन सणांबद्दल. सोंगक्रान १३ ते १५ एप्रिलला असतो. बाहेरच्या जगाला माहीत आहे ती चियांग माईच्या खंदकाभोवतीची पाण्याची धुळवड, पिचकाऱ्या आणि बर्फाच्या पाण्याचे पिंप. २०२३ मध्ये युनेस्कोने या सणाला वारशाच्या यादीत घेतलं. घरातला सोंगक्रान मात्र शांत असतो. थायलंडमध्ये १३ एप्रिल हा ज्येष्ठांचा दिवस आणि १४ एप्रिल कुटुंबाचा दिवस म्हणून पाळतात. उत्तरेत १५ तारखेला ‘पाया वान’ म्हणतात, आणि त्या दिवशी धाकटे लोक थोरांकडे ‘दाम हुआ’ला जातात. चांदीच्या वाडग्यात, म्हणजे ‘सलुंग’मध्ये, सुवासिक पाणी असतं. त्यात हळद आणि ‘सोम पोई’च्या शेंगा घालतात. सोम पोई म्हणजे आपली शिकेकाई. शेंगा आधी निखाऱ्यावर जराशा भाजतात, मग पाण्यात मोडून टाकतात. त्याने पाण्याला किंचित धुरकट, आंबूस वास येतो. धाकट्यांनी गुडघे टेकून ते पाणी पुढे करायचं, वर्षभरात काही चुकलंमाकलं असेल त्याची क्षमा मागायची. थोरांनी त्यात हात बुडवून तो आपल्या डोक्यावरून फिरवायचा आणि आशीर्वाद द्यायचा.

लॉय क्राथोंग थाई पंचांगातल्या बाराव्या महिन्याच्या पौर्णिमेला येतो. बहुतेक वर्षी आपल्याकडे त्याच रात्री त्रिपुरी पौर्णिमा असते. चंद्रभागेत किंवा गोदावरीत द्रोणातून दिवे सोडलेले ज्यांनी पाहिलेत त्यांना क्राथोंग समजावून सांगावा लागणार नाही. केळीच्या बुंध्याची दोन बोटं जाड चकती, तिच्याभोवती केळीच्या पानांच्या दुमडून टोचलेल्या पाकळ्या, वर झेंडू, एक मेणबत्ती, तीन उदबत्त्या. कोणी त्यात एखादं नाणं ठेवतं, कोणी नखाचा तुकडा किंवा केस. दिवा पाण्यात सोडताना हात जोडून ‘फ्रा मे खोंखा’ची, म्हणजे गंगामाईची, क्षमा मागतात: तुझं पाणी वापरलं, घाण केलं. वर्षाची पीडाही त्याबरोबर वाहून जावी असं म्हणतात. चियांग माई भागात याच दिवसांत ‘यी पेंग’ असतो. फाटकावर कंदील, उंबऱ्यावर मातीच्या पणत्या आणि आकाशात सोडलेले कागदी दिवे. त्या दिव्यांपायी चियांग माई विमानतळावरची काही उड्डाणं रद्द करावी लागतात.

प्रश्न कुठे उभा राहिला

दाओ ही पंचविशीतली मुलगी, एका दवाखान्यात मदतनीस. ज्या सोंगक्रानची ही गोष्ट, त्याच्या आधीच्या नाताळात तिचा बाप्तिस्मा झाला. घरात ती एकटीच ख्रिस्ती. घरी आई, ऐंशी पार केलेली आजी, आणि शेजारच्याच घरात आईचा थोरला भाऊ. वडील नाहीत, त्यामुळे मामाचा शब्द चालतो. आई शिवणकाम करते, आणि लॉय क्राथोंगच्या आदल्या आठवड्यात क्राथोंग बनवून बाजारात विकते. ही वर्षातली तिची सगळ्यात मोठी कमाई.

थोरली नात म्हणून आजीपुढे सलुंग धरण्याचा मान लहानपणापासून दाओचा. बाप्तिस्म्याच्या वर्गात पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, सांगितलं होतं की देवळातल्या आणि भुताखेतांच्या विधींत भाग घ्यायचा नाही. पाळक तरुण होते, दुसऱ्या प्रांतातून आलेले. त्यांच्या मनात दाम हुआ होता की नव्हता, हे कोणी विचारलं नाही. दाओने आपल्या मनाने अर्थ लावला आणि मार्चच्या अखेरीस आईला सांगून टाकलं की यंदा मला जमणार नाही, त्या दिवसांत मंडळीच्या तरुणांचं शिबिर आहे.

आजी काहीच बोलली नाही. मामा बोलला. “धर्म बदललास, ठीक आहे. आजी पण बदललीस का?” पुढे त्याने जो शब्द वापरला तो थायलंडमध्ये मुलांना सगळ्यात जास्त लागतो: अकतन्यू, कृतघ्न. ख्रिस्ती लोक आईबापाला विसरतात, मेल्यावर त्यांच्या नावाने काही करत नाहीत, हा तिथला जुनाच आरोप आहे. आता तो दाओच्या घरात येऊन बसला.

आईने वेगळीच गोष्ट विचारली. “पाणी कोण धरणार मग?” दुसरी नात बँकॉकला होती. आईला काळजी होती ती त्या सकाळची.

दाओ मंडळीतल्या एका निवृत्त शिक्षिकेकडे गेली. त्यांना इथे खरू म्हणू. थाईमध्ये शिक्षकांना तसंच म्हणतात. खरू तिसऱ्या पिढीच्या ख्रिस्ती. त्यांच्या घरात दाम हुआ कधी बंदच झाला नव्हता. त्यांनी पाळकांना, म्हणजे त्यांच्या ‘आचान’ना, फोन केला आणि सणाच्या आधीच्या रविवारी उपासनेनंतर मंडळीच्या ‘वडिलांची’, म्हणजे तिचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांची, बैठक ठरली.

समोरचे पर्याय

एक पर्याय दाओने आधीच निवडला होता: दूर राहायचं, शिबिराला जायचं. तो अगदी सोपा होता, आणि नव्या विश्वासणाऱ्याला जुन्यात परत ओढलं जाण्यापासून जपतो असं आचानांचं म्हणणं होतं. त्यांनी ते वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. त्यांच्या आधीच्या मंडळीत दोन माणसं अशीच हळूहळू पांगलेली त्यांनी पाहिली होती.

दुसरा पर्याय एका शेतकरी वडिलांनी मांडला. सगळं करावं, मन देवाकडे ठेवावं. त्यांनी बायबलमधल्या नामानाचा दाखला दिला. अरामाचा सेनापती बरा झाल्यावर अलीशा संदेष्ट्याला म्हणतो की माझा धनी रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून दंडवत घालील तेव्हा मलाही वाकावं लागेल, त्याची परमेश्वराने क्षमा करावी. अलीशा त्याला एवढंच म्हणतो, शांतीने जा. यावर आचान म्हणाले की नामान चाकर होता, दाओ नात आहे, तिच्यावर जबरदस्ती नाही. मला हे उत्तर तेव्हा पटलं नाही, अजूनही पटत नाही. थाई घरातल्या थोरल्या नातीवर जबरदस्ती नसते असं फक्त पुरुषच म्हणू शकतो.

तिसरा पर्याय, विधी मंडळीत आणायचा: १३ च्या आसपासच्या रविवारी मंडळीतल्या वृद्धांच्या हातांवर पाणी घालायचं. हे तिथल्या बऱ्याच मंडळ्यांत चालतं. पलीकडच्या कॅथलिक देवळातही मिस्सानंतर पुरोहित आणि वृद्धांच्या हातांवर पाणी घालतात. सुंदर प्रथा आहे. पण दाओची आजी मंडळीत नव्हती, घरी ओसरीवर बसली होती, त्यामुळे या पर्यायाने तिचा प्रश्न सुटत नव्हता. बराच वेळ याच्यावरच चर्चा झाली, कारण त्यात सगळ्यांचं एकमत होतं.

चौथा खरूंचा. विधीचे तुकडे करून एकेक पाहायचा.

बैठकीत काय घडलं

खरूंनी सुरुवात बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायाने केली. यहुद्यांचा मांडवांचा सण. त्या सणात सात दिवस शिलोह तळ्यातून सोन्याच्या घागरीत पाणी आणून वेदीवर ओतत, आणि रात्री मंदिराच्या स्त्रियांच्या अंगणात चार प्रचंड दीपवृक्ष पेटवत. त्यांच्या वाती याजकांच्या जुन्या वस्त्रांच्या असत, असं यहुदी परंपरा सांगते. म्हणजे तोही पाण्याचा आणि उजेडाचा सण. त्याच सणाच्या शेवटच्या दिवशी येशू उभा राहून म्हणतो की कोणी तान्हेला असेल तर त्याने माझ्याकडे यावं आणि प्यावं. आणि पुढच्याच अध्यायात, मी जगाचा प्रकाश आहे. “तो सणाला गेला,” खरू म्हणाल्या. “घरी बसला नाही.”

आचानांनी लगेच अडवलं. तो सण त्याच्याच पित्याचा होता, मंदिर त्याच्याच पित्याचं होतं. येशू गंगामाईच्या काठावर उभा नव्हता.

दोघांचंही बरोबर होतं, आणि बैठक इथेच दोन तासांत संपली असती. खरूंनी मग सणाचा विषय सोडला आणि दाओकडे वळल्या. “पंधरा तारखेला सकाळी उठल्यापासून तुमच्याकडे काय काय होतं, ते सांग. एकेक.” माझ्या मते सगळ्या प्रकरणातला हा कळीचा क्षण. तोवर कोणीच तिला तोंड उघडायला लावलं नव्हतं.

दाओने सांगितलं. पहाटे आई देवळात जाते, वाळू घेऊन. अंगणात वाळूचा स्तूप रचतात. मग बुद्धमूर्तीला स्नान. घरी आल्यावर फुलं, उदबत्ती आणि पाण्याचा पहिला वाडगा घराण्याच्या पितरांच्या फळीपुढे. त्यानंतर आजी. गुडघे टेकणं, क्षमा, पाणी, नवं लुगडं, फळं. आजीचा आशीर्वाद, ज्यात अर्धं गावठी बोलणं आणि अर्धे पाली शब्द. शेवटी आजी सगळ्यांच्या मनगटाला पांढरा दोरा बांधते, म्हणजे माणसाचे ‘ख्वान’, त्याचे बत्तीस प्राण, अंगात घट्ट राहतात.

आता प्रत्येक तुकड्याला एकच प्रश्न लावला गेला: हे कोणाला उद्देशून आहे? वाळूचा स्तूप आणि मूर्तीचं स्नान बाजूला पडलं, त्यावर वाद नव्हता. पितरांची फळीही. आजीपुढे गुडघे टेकणं? ते आजीला. बापाला आणि आईला मान दे, ही आज्ञा दहांतली एक आहे. क्षमा मागणं? यावर शेतकरी वडील हसून म्हणाले की वेदीपाशी दान ठेवून आधी भावाशी समेट करून ये, हे मत्तयात कोणी लिहिलं? ख्रिस्ती घरांतच हे कमी होतं, असंही ते म्हणाले, आणि कोणी त्यांना खोडलं नाही. हळद आणि शिकेकाई? पीडा धुऊन काढण्याची ताकद त्या शेंगेत आहे असं काही लोक मानतात. आचान थोडे अडखळले. खरूंनी विचारलं की तुमच्या बायकोने केस कशाने धुतले होते लग्नाच्या दिवशी? तो मुद्दा तिथेच संपला.

दोऱ्यावर मात्र तासभर गेला. ख्वानांना हाक मारून बोलावणं हे प्रार्थनेच्या जवळ जातं, आणि ती प्रार्थना देवाकडे नाही. दुसरीकडे, दोरा बांधणारी आजी नातीच्या मनगटावर फुंकर घालते, एवढंच दाओला आठवत होतं. निर्णय झाला नाही. दाओने स्वतः ठरवावं असं म्हणून वडिलांनी हात झटकले. प्रेषित पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात प्रत्येकाची आपल्या मनाची खातरी असावी असं लिहिलं आहे, त्याचा आधार घेतला गेला. वीस वर्षांची ज्येष्ठता असलेल्या माणसांनी चार महिन्यांच्या विश्वासणारीवर सोडायचा हा प्रश्न नव्हता, असं मला वाटतं.

सोंगक्रानला काय केलं

दाओने शिबिराला एक दिवस उशिरा जायचं ठरवलं. खरूंनी आणखी एक गोष्ट सुचवली: सणाच्या आधी आजीकडे एकटीने जाऊन काय करणार आणि काय नाही ते स्वतः सांगायचं. मामाकडून किंवा आईकडून कळू द्यायचं नाही. दाओ १२ तारखेला संध्याकाळी आजीजवळ जाऊन बसली. फळीपुढे मी जाणार नाही, तुझ्यापुढे मीच बसणार, एवढंच म्हणाली. आजीने विचारलं की तुझ्या देवाला म्हाताऱ्या चालतात ना? चालतात, म्हणाली.

१५ ला फळीपुढचा वाडगा मामाच्या सुनेने धरला. मग दाओ सलुंग घेऊन आली. क्षमेचं वाक्य तिने घरच्याच बोलीत म्हटलं, जे लहानपणापासून म्हणत होती तेच. फक्त त्यात पूर्वी जे त्रिरत्नाचं नाव यायचं ते गाळलं. आजीच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे. आजीने पाण्यात हात बुडवला, आपल्या डोक्यावरून फिरवला, आणि उरलेलं पाणी नातीच्या डोक्यावर थापटलं. आशीर्वादात पाली शब्द आले तेव्हा दाओ मान खाली घालून गप्प राहिली.

दोरे बांधायची वेळ आली. आजीने सगळ्यांना बांधले. दाओचा दोरा तिने गाठ न मारता तिच्या तळहातावर ठेवला आणि मूठ मिटवली. हे आजीने का केलं, यावर मंडळीत नंतर मतभेद झाले. आचानांना त्यात आजीचा समजूतदारपणा दिसला; खरूंना वाटलं की आजीने नातीला थोडं दूर केलं. दाओला विचारलं तर ती म्हणाली, आजीचे हात कापतात, गाठ मारायचा तिला कंटाळा आला असेल.

नोव्हेंबरचा पेच

सोंगक्रान निभावला म्हणून मंडळीत जरा सुटल्याचं वातावरण होतं. त्याच पद्धतीने लॉय क्राथोंगही सुटेल असं सगळ्यांनी धरलं. इथे आडाखा चुकला.

पाण्याच्या विधीत एक जिवंत माणूस समोर बसलेलं होतं. मान तिला द्यायचा की आणखी कोणाला, हे वेगळं करता येत होतं. क्राथोंगमध्ये समोर नदी आहे. हात जोडून नदीची क्षमा मागायची आणि पीडा वाहून न्यायला सांगायची, हे काढून टाकलं तर पानांची परडी उरते. ना. वा. टिळकांनी अभंग आणि कीर्तन मराठी मंडळीत रुजवलं, आणि आज ते कोणाला परकं वाटत नाही. मी बैठकीत ते उदाहरण दिलं होतं. खरूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की कीर्तनात देवाचं नाव बदलता येतं, नदीत सोडलेल्या दिव्यावर नाव कुठे असतं? बरोबर बोलल्या.

पण दाओसमोर तो प्रश्नच नव्हता. क्राथोंग सोडायचा नाही हे तिचं पक्कं होतं. प्रश्न असा की ऑक्टोबरमध्ये आईचा हात दुखायला लागला. बोटांना मुंग्या, रात्री मनगट ठणकायचं. पानं दुमडणं हे नाजूक काम आहे: पान उन्हात जरा मऊ करायचं, शिरेच्या बाजूने फाडायचं, त्रिकोणी पाकळी घडी करून बांबूच्या काडीने टोचायची, आणि अशा पाकळ्यांच्या रांगा चकतीभोवती बसवायच्या. एका मोठ्या क्राथोंगला बराच वेळ जातो. आईने दाओला दुमडायला आणि दुकानावर बसायला सांगितलं. आपण जे सोडणार नाही ते दुसऱ्यांना सोडायला बनवून विकायचं का?

बैठक पुन्हा बसली. या वेळी एका वडिलांनी तर्तुल्यानाचं नाव काढलं. इसवी सन २०० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतला तो लेखक मूर्ती घडवणाऱ्या कारागिरांना बजावत होता की पोटाचा धंदा ही सबब चालणार नाही. दुसऱ्यांनी मूर्तींना दाखवलेल्या नैवेद्याबद्दलचं पौलाचं म्हणणं काढलं: बाजारात विकतं ते विचारपूस न करता खा, पण दुसऱ्याच्या मनाला ठेच लागत असेल तर खाऊ नका. दोन्ही बाजूंना पुरेसा मजकूर मिळाला आणि निर्णय लांबला.

त्याच बैठकीत तरुणांनी दुसरी कल्पना मांडली आणि ती मात्र झटपट मंजूर झाली. त्या रात्री मंडळीने नदीकाठी प्रकाशाची उपासना घ्यावी, आणि मुलांनी उदबत्त्या न लावता, वर पुठ्ठ्याचा क्रूस टोचलेले क्राथोंग सोडावेत. बायबलमधल्या मीखाच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात देव आपली पापं समुद्राच्या तळाशी टाकतो असं आहे, तो उतारा वाचायचा. आकाशकंदील सोडायचा विषयही निघाला, पण शेजारचं धान्याचं कोठार आठवून लगेच बसला. पणत्या लावाव्यात का, असंही कोणी विचारलं. लान्नामध्ये, म्हणजे उत्तर थायलंडच्या या भागात, त्या पणतीच्या वातीला कावळ्याच्या पायाचा आकार देतात, त्यामागे पाच बुद्धांच्या आईची, एका पांढऱ्या कावळीची गोष्ट आहे. म्हणून साध्या मेणबत्त्या ठरल्या.

परिणाम

दाओने पानं दुमडली. दुकानावर बसली. कोणी तरुण मुलगी काय म्हणायचं असतं ते विचारू लागली की ती आईला हाक मारायची. स्वतः तिने काही सोडलं नाही. आईच्या हाताला आराम मिळाला, सगळा माल खपला, आणि मामा दुकानाशी येऊन तिच्यासाठी चहा ठेवून गेला. घराच्या बाजूने पाहिलं तर एप्रिलपासूनची गाठ इथे सुटली.

मंडळीच्या बाजूने वेगळं घडलं. पूर्वी देवऋषीचं काम करणारा एक मध्यमवयीन माणूस त्याच वर्षी ख्रिस्ती झाला होता. त्याने सगळी भांडी, फळी, दोरे नदीत सोडून दिले होते, धंदाही सोडला होता. त्याने दाओला दुकानावर पाहिलं आणि दुसऱ्या रविवारी आचानांना विचारलं की तिला चालतं तर मी माझी कमाई का सोडली? त्यानंतर काही महिने तो आला नाही. पुढे परत आला, पण दाओच्या ओळीत बसत नाही. पौलाच्या करिंथकरांच्या पत्रातला ‘दुर्बळ भाऊ’, म्हणजे दुसऱ्याचं वागणं पाहून ज्याच्या मनाला ठेच लागते तो, वाचताना आपण एखादा अस्पष्ट माणूस डोळ्यांपुढे आणतो. इथे तो तिसऱ्या बाकावर बसत होता, आणि बैठकीत त्याचं नाव एकदाही निघालं नव्हतं.

नदीकाठच्या उपासनेबद्दल काय सांगावं. गाणी छान झाली. मुलांनी क्राथोंग सोडले, आणि पुलावरून पाहणाऱ्या गावकऱ्यांना वाटलं की यंदा ख्रिस्ती लोकही लॉय क्राथोंग करतायत, क्रूस लावून. कोणी रागावलं नाही, कोणी भारावलंही नाही. दुसऱ्या दिवशी काठावर अडकलेला कचरा सगळ्यांचा सारखाच होता. खरू त्या रात्री आल्याच नाहीत. मला ती कल्पना तेव्हाही फिकी वाटली. मीखाचा तो उतारा इतका जबरदस्त आहे की त्याला पुठ्ठ्याची नाव लागत नाही, आणि ज्या मुलांना खरा सण शेजारी दिसतोय त्यांना त्याची नक्कल देऊन काय साधतं?

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, बाप्तिस्म्याच्या वर्गातच नुसतं ‘विधी करू नका’ न सांगता माणसाला विचारायला हवं होतं की तुमच्या घरात वर्षभरात काय काय होतं, आणि त्यात तुमच्यावर काय काय येतं. एप्रिलचा अर्धा त्रास त्या एका वाक्याच्या संदिग्धपणातून झाला. मिशनरी मानववंशशास्त्रज्ञ पॉल हीबर्ट यांनी १९८० च्या दशकात हीच पद्धत मांडली होती: जुनी प्रथा सरसकट नाकारायची नाही, सरसकट घ्यायचीही नाही, आधी ती पूर्ण समजून घ्यायची, मग बायबलच्या वचनाच्या उजेडात मंडळीने मिळून ठरवायचं. (हीबर्ट यांचा जन्म भारतातला, मिशनरी आईबापांच्या पोटी.) खरूंनी त्यांचं नावही ऐकलेलं नव्हतं. त्यांनी फक्त मुलीला बोलतं केलं.

दोऱ्याचा प्रश्न वडिलांनी घ्यायला हवा होता. चुकीचा निर्णय घेतला असता तरी दाओला मागे कोणीतरी आहे असं वाटलं असतं.

नोव्हेंबरमध्ये एप्रिलची मोजपट्टी लावली, हे माझ्या मते सगळ्यात मोठं चुकणं. एप्रिलमध्ये ‘कोणाला उद्देशून’ हा प्रश्न पुरला. नोव्हेंबरमध्ये ‘कोण पाहतंय’ हा विचारायचा होता, आणि तो देवऋषीला समोर बसवून. त्याने कदाचित हो म्हटलं असतं, कदाचित नाही, पण त्याच्या त्यागाचा हिशेब कोणीतरी ठेवतंय एवढं त्याला कळलं असतं.

आणि पैसा. दोन्ही बैठकांत मिळून सहा-सात तास बोलणं झालं. वचनं काढली, इतिहास काढला. आईचं दुकान त्या वर्षी बंद राहिलं असतं तर घराला किती तोटा झाला असता, हे कोणी विचारलं नाही. मंडळीकडे गरजूंसाठीचा निधी होता. पानं दुमडायला गावातली एखादी बाई मजुरीने लावता आली असती, मंडळीने ती मजुरी भरली असती, आणि दाओ दुकानावर बसली नसती. किंवा बसायचं ठरवलं असतं तर ते अडचणीपायी नसतं. मी हा मुद्दा नंतर आचानांकडे काढला. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले की आम्हाला वाटलं प्रश्न विश्वासाचा आहे.

मंडळीने आता सणांबद्दलचं एक लेखी टिपण केलं आहे. सोंगक्रानवर पानभर मजकूर आहे, तुकड्यातुकड्याने, दोऱ्यासकट: ख्वानांना हाक मारली जात असेल तर नम्रपणे हात मागे घ्यावा, नुसता आशीर्वाद असेल तर बांधून घ्यावा, आणि आधी थोरांशी बोलून ठेवावं. रविवारी मंडळीत वृद्धांच्या हातांवर पाणी घालणंही सुरू झालं आहे, आणि त्याला मंडळीबाहेरच्या आजीआजोबांनाही बोलावतात. लॉय क्राथोंगखाली एकच ओळ आहे: मंडळी क्राथोंग सोडणार नाही. विक्रीबद्दल काही नाही. पुढच्या बैठकीला दाओच्या आईला बोलवायचं ठरलं आहे. तिने अजून हो म्हटलेलं नाही.